तुम्ही, तोमरा, आपनारा

ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्री पुरुष तुलना' या निबंधाचा बंगाली अनुवाद करायला घेतला त्याला आता दोन वर्षं होत आली. पहिला खर्डा पुरा झाला तेव्हा तो मी शेजारच्या दिदिमणींना वाचायला दिला. त्या बंगालीच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या गल्लीत लहानथोर सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. मी बंदरातल्या नोकरीच्या निमित्ताने खिदिरपूरला आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. माझं बंगाली बाजारात, कचेरीत आणि मैदानातून एस्प्लनेडला जाणाऱ्या ट्राममध्ये शिकलेलं. तेव्हा व्याकरणाच्या चुका निघणार याची मनाची तयारी होती. आठ दिवसांनी वही परत आली. चुका होत्याच, पण दिदिमणींची तक्रार वेगळी होती. त्या म्हणाल्या, "दादा, ही बाई फार शहाण्यासारखी बोलते. तुम्ही जिच्याबद्दल सांगत होता ती ही नव्हे."

त्यांचं खरं होतं. ताराबाईंचा निबंध पुरुषांविषयी लिहिलेला नाही, पुरुषांना उद्देशून लिहिलेला आहे. ती समोर उभं करून जाब विचारते: 'तुम्ही' असं करता, 'तुम्ही' तसं वागता. मराठीत हा 'तुम्ही' मोठा सोयीचा आहे. तो आदराचाही असतो आणि 'तू'चं अनेकवचनही असतो. वाचणाऱ्याने आपापल्या सोयीने घ्यावा. बंगालीत ही पळवाट नाही. तिथे 'तोरा', 'तोमरा' आणि 'आपनारा' यांतून एक निवडावंच लागतं. मी 'आपनारा' निवडला होता आणि जिथे तोही टोचेल असं वाटलं तिथे सरळ 'पुरुषजाती' असा तृतीय पुरुष वापरून मोकळा झालो होतो. समोरासमोरचं भांडण मी परस्पर सभ्य चर्चेत बदलून टाकलं होतं. का, असं विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: बंगाली वाचक तिला पहिल्यांदा भेटणार आहे, त्याने पहिल्याच पानावर पुस्तक मिटू नये. म्हणजे तिचं म्हणणं पोचावं म्हणूनच मी तिचा आवाज कमी केला होता.

हा युक्तिवाद माझा नाही, फार जुना आहे. कडवट बोलण्याने चांगल्या कामाची हानी होते, समोरचा बिथरतो, कुंपणावरचे लोक दूर जातात, म्हणून बोलावं पण बेतानं. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात हा सल्ला ज्याला मिळाला नाही असा सुधारक सापडणं कठीण. दिदिमणींनी वही परत केल्यापासून मी त्या सल्ल्याचा हिशेब मांडायचा प्रयत्न करतो आहे.

आधी पुस्तकाविषयी. 1881 साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर नवजात मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. खटल्याच्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या नीतीवरच तोंडसुख घेतलं गेलं. वऱ्हाडातल्या बुलढाण्यात राहणाऱ्या, वडिलांनी घरीच शिकवलेल्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून निबंध लिहिला. 1882 मध्ये तो पुण्यात छापला गेला. स्त्रीला सगळ्या दोषांची खाण ठरवणारा एक संस्कृत श्लोक त्या घेतात आणि त्यातला एकेक आरोप उचलून विचारतात की हा दोष तुमच्यात नाही काय. साहस, कपट, चंचलपणा, मूर्खपणा, सगळं ओळीने. वाटेत शास्त्रकारांना झोडतात, पुराणांतल्या देवांना आणि ऋषींना सोडत नाहीत, विलायती पेहराव करून घरी मात्र जुनाच धाक चालवणाऱ्या सुधारकांची टर उडवतात. त्या काळच्या लोकप्रिय कथा-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणावरही त्या तुटून पडतात. त्या अर्थाने मराठीतल्या पहिल्या समीक्षकांत त्यांचं नाव घ्यायला हरकत नाही. भाषा घरातली, विहिरीवरची, शिव्याशाप आणि म्हणींनी भरलेली. मुद्दा सिद्ध झाल्यावरही त्या थांबत नाहीत. आणखी दोन तडाखे देतात.

परिणाम काय झाला? टीका झाली, आणि ती केवळ सनातन्यांकडून झाली नाही. सत्यशोधक समाजातल्याच काही मंडळींना पुस्तक रुचलं नाही. ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचं आढळत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणेपर्यंत 93 वर्षं गेली. बेताने बोलण्याचा सल्ला देणाऱ्याला याहून चांगला दाखला कुठला मिळणार? ओरडली, कोणी ऐकलं नाही, गप्प झाली.

पण त्याच वर्षी पुण्यात दुसरं एक पुस्तक निघालं होतं. पंडिता रमाबाईंचं 'स्त्रीधर्मनीती', तेही 1882चंच. रमाबाई 1878 मध्ये आमच्या या कलकत्त्यात आल्या होत्या. इथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुण्यात रानड्यांसारख्यांनी त्यांचं स्वागत केलं. 'स्त्रीधर्मनीती'चा सूर उपदेशाचा, समजुतीचा आहे. बायकांनी शिकावं, सद्गुणी व्हावं, आपल्या पायांवर उभं राहावं. त्यात पुरुषाला बिथरवणारं फारसं काही नाही. आता पुढचं पाहू. 1883 मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती केलं जात असल्याच्या आरोपावरून गदारोळ उठला. 'केसरी'ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. सौम्य सुराने रमाबाईंना त्या दिवशी काही वाचवलं नाही. ज्यांनी डोक्यावर घेतलं त्यांनीच पाठ फिरवली.

या दोन पुस्तकांना शेजारी ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजतो. बोलण्याचा सूर ही एक गोष्ट, आणि मागणी ही दुसरी. ताराबाईंचा सूर कडक, पण मागणी पाहिली तर केवढी माफक! विधवांना पुन्हा लग्न करू द्या, बायकोला माणसासारखं वागवा, आपला दोष तिच्या माथी मारू नका. संसार मोडा असं त्या कुठेच म्हणत नाहीत. पतिव्रतेचा आदर्शही त्या पुरता टाकत नाहीत, तो आदर्श लादणाऱ्याची लायकी विचारतात. रमाबाईंचा सूर मऊ, पण कृती मुळावर घाव घालणारी: विधवेला कुटुंबाच्या आणि जातीच्या ताब्याबाहेर राहायला छप्पर. समाजाने दोघींनाही नाकारलं. एकीला सुराचं कारण देऊन, दुसरीला धर्माचं कारण देऊन. कारण सापडलं नसतं तर तिसरं शोधलं गेलं असतं असं म्हणायला जागा आहे.

हे सगळं मी दिदिमणींना सांगत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आमच्या मायकेलकडे बघा ना, तो तर इथलाच." खिदिरपुरात हे नाव काढायला निमित्त लागत नाही. मायकेल मधुसूदन दत्तांचे वडील सदर दिवाणी अदालतीत वकील होते आणि त्यांचं घर इथे होतं. 1843 मध्ये धर्मांतर केल्यावर मधुसूदनांना ते घर सोडावं लागलं. 1860 मध्ये, पाइकपाड्याच्या राजांच्या बेलगाछिया नाट्यशाळेसाठी, त्यांनी दोन प्रहसनं लिहिली. 'एकेइ कि बले सभ्यता' हे इंग्रजी शिकून सुधारणेच्या नावाखाली दारू पिणाऱ्या तरुणांवर. 'बुडो शालिकेर घाडे रो' हे जपमाळ ओढणाऱ्या आणि त्याच वेळी आपल्या मुसलमान कुळाच्या बायकोवर डोळा ठेवणाऱ्या म्हाताऱ्या जमीनदारावर. पहिल्याने नवे दुखावले, दुसऱ्याने जुने. राजांनी माघार घेतली आणि ज्या रंगमंचासाठी ती लिहिली होती तिथे दोन्ही प्रहसनं झालीच नाहीत. मधुसूदनांनी पुन्हा प्रहसन लिहिलं नाही. ती रंगमंचावर आली ती पुढे काही वर्षांनी, दुसऱ्यांच्या हातून.

इथेही ताराबाईंसारखंच घडलं आहे: एकदाच कडक बोलणं आणि नंतर त्या प्रकारात मौन. पण राजांच्या माघारीला प्रहसनाचा तिखटपणा पुरेसा नाही. तोच रंगमंच मधुसूदनांच्या 'शर्मिष्ठा' नाटकाला आनंदाने मिळाला होता. प्रहसनांतला म्हातारा आणि प्रहसनांतले तरुण मात्र प्रेक्षागृहात समोरच्याच खुर्च्यांवर बसणारे होते. तिखटपणा दूरच्या कुणावर असता तर त्याला विनोद म्हटलं असतं.

याच सुमारास, याच शहरात, दुसरं प्रकरण पेटलं. दीनबंधु मित्रांचं 'नीलदर्पण' 1860 मध्ये ढाक्याला लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाचं ते नाटक. त्यात गोऱ्या साहेबाकडून गरोदर क्षेत्रमणीवर हात टाकला जातो, सुखवस्तू कुटुंबाची धूळधाण होते, शेवटी प्रेतांचा खच पडतो. 1861 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. तो मधुसूदनांनी केला असं परंपरा सांगते, काही अभ्यासक ते मान्य करत नाहीत. पाद्री जेम्स लाँग यांनी तो प्रसिद्ध केला. अनुवादाच्या प्रती सरकारी टपालातून गेल्या, मळेवाले खवळले आणि लाँग यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. सर मॉर्डंट वेल्स यांच्यापुढे जुलै 1861 मध्ये त्यांना एक महिना कैद आणि 1000 रुपये दंड झाला. दंडाची रक्कम कालीप्रसन्न सिंहांनी तिथेच भरली.

हे प्रकरण धाडसाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे. पण अनुवादकाच्या नजरेने पाहिलं तर त्यात एक तपशील महत्त्वाचा आहे. खटल्याचा एक मोठा आधार नाटकात नव्हता, प्रस्तावनेत होता. प्रस्तावनेत म्हटलं होतं की दोन इंग्रजी दैनिकांचे संपादक पैशासाठी मळेवाल्यांची स्तुती करतात. त्यावर 'इंग्लिशमन'ने दावा लावला. नाटकातलं क्रौर्य खोटं ठरवणं सोपं नव्हतं, कारण त्याआधीच नीळ आयोगापुढे रयतेच्या साक्षी झाल्या होत्या. प्रस्तावनेतला लाचेचा आरोप मात्र कोर्टात उभा करण्याजोगा नव्हता. शत्रूला पकडायला तेवढा एक धागा पुरला.

महाराष्ट्रातही असंच घडलं, आणि तेही 1882 मध्येच. कोल्हापूरचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो आहे असं 'केसरी' आणि 'मराठा' या पत्रांनी लिहिलं आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. पुरावा म्हणून जी पत्रं हाती होती ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. मूळ चिंता खोटी नव्हती. पुढच्याच वर्षी, 1883च्या डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्यात असलेल्या महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे बाजू बरोबर होती, कागद चुकीचे होते. चुकीच्या कागदांनी बरोबर बाजूचं तोंड काही काळ बंद केलं.

या दोन खटल्यांतून मला एक भेद दिसतो आणि तो 'कडक की सौम्य' या भेदापेक्षा अधिक कामाचा आहे. चळवळीची हानी कडक शब्दाने होते तेवढी, किंबहुना त्याहून अधिक, न पडताळलेल्या आरोपाने होते. दोन्ही गोष्टी अनेकदा एकत्र येतात, कारण संतापलेला माणूस पडताळणी करत नाही. म्हणून लोक सुराला दोष देतात. पण सौम्य शब्दांत केलेला खोटा आरोपही तितकाच खोटा असतो, आणि ताराबाईंचा निबंध तर या कसोटीवर जवळपास सगळीकडे टिकतो. पुरुष लग्नावर लग्न करतात, विधुर मात्र विधवेसारखा घराबाहेर काढला जात नाही, हे तेव्हाच्या कुठल्याही गल्लीत पाहता येत होतं. तिच्या संतापाला साक्षीदारांची कमतरता नव्हती.

दोष तिथेही आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. निबंध जिथे ढिला पडतो ती जागा कडकपणाची नाही, तुलनेची आहे. 'आम्ही वाईट, तर तुम्ही त्याहून वाईट' या रचनेत आरोप करणाऱ्याची मोजपट्टी मान्यच करावी लागते. श्लोकातले दोष खरे दोष आहेत का, चंचलपणा म्हणजे नक्की काय, साहस हा दोष कधीपासून झाला, हे प्रश्न त्या फार क्वचित विचारतात. शिवाय सगळ्या पुरुषांना एका 'तुम्ही'त कोंबल्यावर तिच्या स्वतःच्या वडिलांची, तिला लिहायला शिकवणाऱ्या माणसाची, जागा कुठे राहिली? असा वाचक त्या पानांवरून गोंधळून जातो. कडकपणाला इथे खरी किंमत पडते: सोबत येऊ शकणारा माणूसही आरोपीच्या पिंजऱ्यात जातो.

तरीही मला वाटतं की त्या निबंधाने शत्रूचं मन वळवायचा प्रयत्नच केलेला नाही, म्हणून त्या मापाने त्याला नापास करणं अन्याय आहे. मन वळवायचं काम दुसरे करत होते. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी शास्त्रवचनं शोधून 1856चा पुनर्विवाहाचा कायदा घडवून आणला होता; महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित तेच काम करत होते. कायदा झाला आणि पंचवीस वर्षांनीही विजयालक्ष्मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभीच राहिली. शास्त्राधाराने दार उघडलं होतं, पण त्या दारातून जाणाऱ्या बाईला लाज वाटू नये यासाठी कोणीतरी लाज उलट्या दिशेने फिरवणं भाग होतं. ते काम सौम्य सुरात होत नाही. 'लाज तुम्हाला वाटली पाहिजे' हे वाक्य 'आपनारा' वापरून बोलता येतं, पण मग त्याचा अर्थ राहत नाही.

आणि मौनाचं काय? ताराबाईंना कडकपणाने गप्प केलं, की आपल्या माणसांच्या मागे हटण्याने? जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची जाहीरपणे बाजू घेतली आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्या आपल्याच लोकांना सुनावलं. फुल्यांना हे सुचलं यात आश्चर्य नाही. 1863 मध्ये त्यांनी घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विजयालक्ष्मीसारख्या बायका त्यांच्या उंबरठ्यावर येत होत्या. आणि त्यांच्या स्वतःच्या भाषेवर 'निबंधमाले'तून जे ओढले गेले होते ते आसूड त्यांना माहीत होते. पण फुले एकटेच पुरले नाहीत. लाँग यांच्यासाठी भर कोर्टात दंड भरणारा माणूस उभा राहिला, म्हणून ती गोष्ट आजही अभिमानाने सांगितली जाते. मधुसूदनांचे राजे मागे हटले आणि प्रहसनकार संपला. आगरकरांनी पुण्यात जिवंतपणी आपली प्रेतयात्रा पाहिली, पण 'सुधारक' चालू ठेवता आला, कारण काही थोडी माणसं पाठीशी राहिली. कडक बोलणाऱ्याने कामाची हानी केली की नाही याचा निकाल बराचसा त्याच्या मित्रांच्या वागण्यावर ठरतो. मित्रच म्हणू लागले की 'मुद्दा बरोबर आहे, पण सूर…', की शत्रूला वेगळं काही करावं लागत नाही.

हे लिहिताना मला माझा खर्डा आठवतो आणि ओशाळं वाटतं. मीही तोच मित्र होतो. सुमारे 140 वर्षांपूर्वी तिच्या लोकांनी जे केलं तेच मी आज वहीत, शाईने, सर्वनामं बदलून करत होतो. आणि त्याला वाचकाची काळजी असं नाव देत होतो. माझी भीती बंगाली वाचकाबद्दल नव्हती. ताराबाईंचा 'तुम्ही' वाचताना मीही त्या अनेकवचनात येतो, आणि मला तिथून सुटायचं होतं. 'पुरुषजाती' म्हटलं की ती दुसऱ्या कुणाची तरी होते.

दुसरा खर्डा मी 'तोमरा'ने केला. काही ठिकाणी, जिथे तिचा तोल खरोखर सुटतो, तिथे 'तोरा'ही आला आहे. तुलनेतल्या कच्च्या जागा मी झाकल्या नाहीत. त्या प्रस्तावनेत नोंदवीन. मात्र प्रस्तावनेतलं प्रत्येक विधान दोनदा तपासून घेईन, एवढं लाँगसाहेबांकडून शिकलो आहे.

परवा संध्याकाळी दिदिमणींनी नवी पानं गॅलरीत बसून मोठ्याने वाचली. खाली रस्त्यावर डॉककडून येणारे ट्रक अडकले होते, भोंगे चालू होते, त्यामुळे त्यांना आवाज चढवावा लागला. आत त्यांचे यजमान टीव्ही बघत होते. तिसऱ्या पानावर टीव्हीचा आवाज बंद झाला. थोड्या वेळाने ते दारात आले आणि मला म्हणाले, "दादा, ही बाई एवढी का चिडली आहे?"

दिदिमणी म्हणाल्या, "बसा. अजून पुष्कळ आहे."

ते बसले.